ओव्हरप्रिंट तिकिटं: खरी की बनावट, आणि त्यांची स्थिती कशी जोखायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या एका ताईंचे मामा गिरणीच्या ऑफिसात कारकून होते, त्यांनी हयातभर तिकिटं जमवली. ती दोन स्टॉकबुकं (तिकिटं ठेवायच्या वह्या) आता ताईंकडे आली आहेत. त्यात ग्वाल्हेर आणि पतियाळाची नावं छापलेली इंग्रज राणी-राजांची तिकिटं आहेत, निजामाची ‘सरकारी’ आहेत, ‘ऑन एच.एम.एस.’ आणि ‘सर्व्हिस’ (ही तिन्ही सरकारी कामाच्या टपालासाठी छापलेली) तर पानंच्या पानं आहेत. शिवाय गांधीजींचं १९४८ सालचं दहा रुपयांचं एक तिकीट आहे, त्यावरही ‘सर्व्हिस’ छापलेलं आहे. ओळखीचा एक जण सगळं मिळून ठोक भावानं मागतोय. ताईंनी विचारलंय की यातलं खरं कुठलं, बनावट कुठलं, आणि तिकिटांची स्थिती चांगली आहे की नाही हे आपलं आपण कसं ठरवायचं?

ताई, तो ठोक सौदा आत्ता करू नका. आणि पाकिटावर चिकटलेलं एकही तिकीट पाण्यात घालून सोडवू नका. बाकी सगळं सावकाश बघता येईल.

ओव्हरप्रिंट तिकिटात दोन वस्तू असतात. एक मूळ तिकीट आणि दुसरी त्यावर नंतर चढवलेली शाई. दोन्ही वेगवेगळ्या तपासायच्या आणि मग त्यांचा एकमेकांशी मेळ बसतो का ते बघायचं. बनावट ओव्हरप्रिंटमध्ये मूळ तिकीट बहुतेकदा अस्सलच असतं. खोटी असतात ती वरची चार अक्षरं. म्हणून “कागद जुना दिसतो, कडेचे दात बरोबर आहेत, म्हणजे तिकीट खरं” या समजुतीवर इथे फार लोक फसतात.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. साधं तिकीट वीस रुपयांना मिळतं आणि त्याच तिकिटावर ठरावीक अक्षरं असली की ते हजारोंत जातं, अशा ठिकाणीच बनावटगिरी होते. जिथे फरक दोन-पाच रुपयांचा आहे तिथे कोण कशाला कष्ट घेईल? पंचम जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जच्या कमी किमतीच्या ‘सर्व्हिस’ तिकिटांच्या पानांवर वेळ घालवू नका, ती बहुतेक सगळी खरी आणि स्वस्त निघतील. पण ती फेकूही नका, पुढे तीच तुमच्या कामाला येणार आहेत. संशय राखून ठेवायचा तो महागड्या तिकिटांसाठी. उदाहरणार्थ, १८६६ साली कलकत्त्याच्या मिलिटरी ऑर्फनेज प्रेसमध्ये छापलेलं छोट्या अक्षरांतलं ‘सर्व्हिस’, संस्थानांची मोठ्या छापील किमतीची तिकिटं, उलटे किंवा दुहेरी पडलेले ओव्हरप्रिंट, आणि अर्थातच तुमचे गांधीजी.

आता तपासणी. भिंग हातात घेण्याआधी तारखांचा मेळ लावा. अर्धी बनावट तिकिटं इथेच गळतात. आपल्याकडच्या तिकिटांच्या कागदात पाण्याचे ठसे असतात, त्यांना आपण सगळे वॉटरमार्कच म्हणतो. १८६५ पासून हत्तीचं डोकं, १८८२ पासून एका तिकिटाला एक तारा, मग १९२६ पासून नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छपाई सुरू झाली तेव्हा सगळीकडे पसरलेले बारीक तारे, आणि नये पैसे आल्यानंतरच्या काळात अशोकस्तंभाचा शीर्षभाग. पहिल्या महायुद्धात १९१४ साली परदेशी गेलेल्या हिंदी फौजेसाठी पंचम जॉर्जच्या तिकिटांवर ‘आय.ई.एफ.’ छापलं होतं. तेच ‘आय.ई.एफ.’ अनेक ताऱ्यांच्या कागदावर दिसलं, तर तो कागद ओव्हरप्रिंटच्या काळात अस्तित्वातच नव्हता. तिथे पुढचं काही बघायचं कारण उरत नाही.

शिक्क्याचंही तसंच. १९०० साली चीनला गेलेल्या फौजेसाठी ‘सी.ई.एफ.’ छापलेली तिकिटं निघाली. ती फौजेच्या टपालासाठी होती, त्यामुळे त्यांवर फील्ड पोस्ट ऑफिसचे किंवा बेस ऑफिसचे शिक्के अपेक्षित असतात. त्यावर जुन्या स्पेलिंगचा ‘शोलापूर’ असा गोल शिक्का दिसला, तर आपल्या गावचं नाव बघून हुरळून जाऊ नका. सोलापुरात वापरून झालेल्या साध्या तिकिटावर कुणीतरी मागाहून तीन अक्षरं चढवली असण्याची शक्यताच जास्त.

मेळ बसला की मग छपाई बघायची. जुने ओव्हरप्रिंट बहुतेक खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईचे आहेत. आपल्याकडे घरात जुनी लग्नपत्रिका असेल, ट्रेडल मशीनवर छापलेली, तर तिच्या मागच्या बाजूनं बोट फिरवून बघा. अक्षरं मागून किंचित उठलेली लागतात. तिकिटावर बोट फिरवायचं नाही, चिमट्यानं धरून मागची बाजू तिरप्या उजेडात बघायची. खिळ्यांचा दाब असेल तर गमावर अक्षरांची हलकी उठावट दिसते. पुढच्या बाजूनं दहा किंवा वीस पट भिंगातून अक्षराची कड बघा. दाबामुळे शाई कडेला सरकते, म्हणून अक्षराच्या काठाला गडद रेघ आणि आत थोडी फिकी शाई असं दिसतं. रबरी शिक्क्यात अशी स्वच्छ कड नसते. शाई कुठे साचलेली, कुठे उडालेली, अक्षराचे कोपरे गोलावलेले. लेसर प्रिंटरची शाई कागदात मुरत नाही, ती वर चकचकीत थरासारखी बसते आणि अक्षराभोवती भुकटीचे बारीक काळे कण पसरलेले दिसतात. इंकजेटची शाई तंतूंतून पसरते आणि कड फुटते. ही दोन्ही आधुनिक कामं वीस पट भिंगाखाली क्षणभरही टिकत नाहीत.

पण इथे सावध राहायला हवं. दाबाची खूण दिसली म्हणजे ओव्हरप्रिंट खरा, असं नाही. जुने खिळे आणि जुनं ट्रेडल मशीन बनावट करणाऱ्यालाही मिळतं, आणि संस्थानी ओव्हरप्रिंटच्या काही नकला शंभर वर्षांपूर्वीच खिळ्यांवर झालेल्या आहेत. दाब नसेल तर संशय पक्का होतो. असेल तर फक्त पुढच्या परीक्षेला बसता येतं, एवढाच त्याचा अर्थ.

वापरलेल्या तिकिटांसाठी माझा सगळ्यात जास्त विश्वास ज्या तपासणीवर आहे ती आता सविस्तर सांगतो. ओव्हरप्रिंट छापखान्यात झाला, तिकीट नंतर विकलं गेलं, आणि शिक्का सगळ्यात शेवटी पडला. म्हणून शिक्क्याची शाई ओव्हरप्रिंटच्या वर असायला हवी. बनावट काम बहुतेकदा स्वस्त वापरलेल्या तिकिटांवर होतं, त्यामुळे तिथे अक्षरं शिक्क्याच्या वर चढलेली असतात. शिक्क्याची गोल रेघ ‘सर्व्हिस’च्या एखाद्या अक्षराला जिथे छेदते ती जागा शोधा. शक्यतो अशी, जिथे खाली तिकिटाची चित्ररेषा कमी आहे. दिवा एका बाजूला खाली धरा आणि तिकीट हळूहळू फिरवा. छपाईची शाई तेलकट, म्हणून तिला चमक असते. पोस्टाच्या शिक्क्याची शाई मंद, मातकट दिसते. खऱ्या तिकिटावर ती मंद रेघ चमकत्या अक्षरावरून जाते. तेलकट पृष्ठभागावर ती नीट धरत नाही, म्हणून तिथे थोडी तुटक किंवा फिकी होते. बनावट असेल तर अक्षराची चमक अखंड राहते आणि शिक्क्याची रेघ अक्षराच्या काठाशी येऊन थांबते, पलीकडून पुन्हा सुरू होते. काळ्यावर काळं असलं की एका छेदावरून निकाल देता येत नाही. तिकिटावर असतील तेवढे सगळे छेद बघा, आणि सगळे एकच गोष्ट सांगत असतील तरच ठरवा. यूएसबी मायक्रोस्कोप हल्ली फार महाग नाही, त्यावर फोटो काढून मोठा करून बघितला तर डोळ्यांवर ताण येत नाही.

कोऱ्या तिकिटाला शिक्का नसतो, तेव्हा मोजमाप हाच आधार. तुमच्याकडची ग्वाल्हेरची तिकिटं या अभ्यासाला उत्तम आहेत. शिंद्यांच्या संस्थानानं १८८५ पासून इंग्रज सरकारच्याच तिकिटांवर इंग्रजीत आणि देवनागरीत नाव छापून घेतलं. व्हिक्टोरिया राणीच्या सुरुवातीच्या तिकिटांवर देवनागरी ‘ग्वालियर’ दोन मापांत मिळतं. एक सुमारे १३ ते १४ मिलिमीटर लांब, दुसरं १५ ते १५½ मिलिमीटर. या दोन्हींच्या मध्येच कुठेतरी लांबी भरली, किंवा दोन ओळींमधलं अंतर कुठल्याच नोंदलेल्या प्रकाराशी जुळलं नाही, तर ते तिकीट बाजूला काढा. ग्वाल्हेरच्या इंग्रजी नावात ‘ओ’च्या जागी ‘सी’ पडल्याची चूक प्रसिद्ध आहे आणि तिला चांगला भाव आहे. म्हणूनच साध्या तिकिटावरच्या ‘ओ’ची उजवी बाजू खरवडून ‘सी’ केलेला नाही ना, हे बघावं लागतं. खरवडलं असेल तर तिथले कागदाचे तंतू उचकटलेले दिसतात आणि खालचा रंगही थोडा गेलेला असतो.

याच्या उलटही होतं. ग्वाल्हेरचे शेवटचे काही ओव्हरप्रिंट १९४९ साली ग्वाल्हेरातच अलिजाह प्रिंटिंग प्रेसमध्ये झाले. त्यांची ठेवण आपण नेहमी बघतो त्या ओव्हरप्रिंटपेक्षा वेगळी आहे, त्यामुळे नवखा माणूस त्यांना बनावट समजून कचऱ्याच्या भावात देऊन टाकतो. स्पेलिंग वेगळं म्हणजे खोटं, असंही समजू नका. पतियाळाच्या १८८४ च्या ओव्हरप्रिंटवरचं इंग्रजी स्पेलिंग आजच्यापेक्षा अगदी निराळं आहे, आणि ते बरोबर आहे.

मापं घ्यायला मी एक सोपी पद्धत वापरतो. त्याच काळातलं, त्याच मालिकेतलं स्वस्त किमतीचं तिकीट घ्यायचं, ज्याची कुणी नक्कल करणार नाही. ती ‘सर्व्हिस’ची पानं जपून ठेवा म्हणालो ती यासाठी. दोन्ही तिकिटं एकाच वेळी, एकाच पट्टीशेजारी ठेवून १२०० डीपीआयला स्कॅन करा आणि कॉम्प्युटरवर एका चित्राला अर्धपारदर्शक करून दुसऱ्यावर ठेवा. अक्षरांची उंची, दोन अक्षरांतली फट, ‘आर’चा पाय, ‘एस’चा बाक लगेच तपासता येतो. लहान आणि मोठ्या आकाराच्या तिकिटांना अक्षरं वेगळी वापरलेली असतात, म्हणून आकार सारखा असलेलीच तिकिटं ताडून बघा. शिवाय दाबामुळे रेघ थोडी जाड-बारीक होते, तेवढी सूट द्यावी लागते. अक्षराचा सांगाडा मात्र बदलत नाही.

निजामाच्या ‘सरकारी’बद्दल सोलापूरकरांनी विशेष जागरूक राहायला हवं, कारण ती आपल्याकडे भरपूर फिरतात. तुळजापूर, नळदुर्ग, गुलबर्गा हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि सोलापूर मुंबई इलाख्यात. इथल्या आडत्यांच्या, कापडवाल्यांच्या जुन्या दप्तरांत निजामी तिकिटं सापडणं अगदी स्वाभाविक आहे. पण पाकीट बघताना नियम लक्षात ठेवा. ग्वाल्हेर, पतियाळा यांसारख्या इंग्रज सरकारशी टपालाचा करार केलेल्या संस्थानांची तिकिटं हिंदुस्थानभर चालत. हैदराबादची तिकिटं फक्त संस्थानाच्या हद्दीत चालत. त्यामुळे गुलबर्ग्याहून सोलापूरला आलेलं म्हणून दाखवलेलं पाकीट, त्यावर निव्वळ ‘सरकारी’ तिकीट आणि दुसरं काहीच नाही, असं असेल तर आधी तो प्रवास कसा झाला याचं उत्तर मिळायला हवं. ‘सरकारी’ शब्दाचे साचे १८७३ पासून वेळोवेळी बदलत गेले आणि छपाई पहिल्यापासून ओबडधोबड, त्यामुळे यातल्या नकला ओळखणं सगळ्यात अवघड. स्वस्त किमतींचा मोठा साठा जमवून डोळा तयार केल्याशिवाय महाग ‘सरकारी’वर मत देऊ नये असं मी मानतो, आणि तुमच्या मामांकडे असा साठा दिसतोय ही मोठी जमेची बाजू.

आता गांधीजी. १५ ऑगस्ट १९४८ ला चार किमती निघाल्या, दीड आणे, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडमधल्या कुर्वोइझिए छापखान्याची. गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी चारही किमतींवर ‘सर्व्हिस’ छापलं गेलं, आणि त्यातली दहा रुपयांची फक्त १०० तिकिटं होती. अशा चार तिकिटांची एक सलग पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना विकली गेली. त्या बातमीनंतर गावोगाव असे गांधीजी दिसायला लागले, आणि तुमच्याकडचं खरं असण्याची शक्यता फार कमी आहे हे मला मोकळेपणानं सांगायला हवं.

तरी तपासणी पुरी करा, कारण ओव्हरप्रिंट खोटा आणि खालचं तिकीट खरं असेल, तर त्यालाही किंमत असते. मूळ तिकीट फोटोग्राव्ह्युअरचं, म्हणजे चित्र कोरलेल्या धातूच्या सिलिंडरवरून छापलेलं आहे. भिंगाखाली चेहऱ्याच्या छटा सलग, एकात एक मिसळलेल्या दिसतात आणि सगळीकडे अतिशय बारीक जाळी असते. ऑफसेटच्या नकलेत रंगीत ठिपके सुटे-सुटे, फुलासारखे गोळा झालेले दिसतात. दातांचं माप ११½, म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा दात, भरायला हवं. हे सगळं जमलं तर ओव्हरप्रिंटकडे वळा, आणि तिथे मात्र स्वतः निकाल देऊ नका. या तिकिटावर माझंच काय, कुणाही एका संग्राहकाचं तोंडी मत चालत नाही. त्याला तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्रच लागतं.

१९७१ ची निर्वासित मदतीची तिकिटंही स्टॉकबुकात असतील. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबरपासून पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागत होतं, आणि कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर त्यासाठी ओव्हरप्रिंट झाला. नाशिकचा ओव्हरप्रिंट स्वस्त आणि खात्रीचा. पण काही शहरांत तेव्हा स्थानिक रबरी शिक्के मारले गेले, आणि रबरी शिक्का कुणीही, कधीही करून घेऊ शकतो. असे कोरे स्थानिक नमुने पैसे देऊन घेण्यात अर्थ नाही. तारखेच्या स्पष्ट शिक्क्यासह पाकिटावर असेल तरच त्याचा विचार करावा.

स्थितीबद्दल. साध्या तिकिटाला जे नियम तेच इथेही लागू आहेत. चित्र मधोमध हवं, दात पूर्ण हवेत, घडी नको, मागून कागद पातळ झालेला नको, पिवळट डाग नकोत. पातळ जागा काळ्या कागदावर पालथं ठेवून किंवा दिव्यासमोर धरून दिसते. वॉटरमार्क बघायला बेन्झिन वापरतात, पण फोटोग्राव्ह्युअरच्या तिकिटांना ते लावू नका, रंग सुटू शकतो. इतर वेळीही आगीपासून लांब आणि खिडकी उघडी ठेवूनच वापरा.

ओव्हरप्रिंटच्या बाबतीत मी दोन गोष्टी जास्त कडकपणे बघतो. अक्षरं पूर्ण आणि वाचता येतील अशी हवीत. जड शिक्क्यानं झाकलेला ओव्हरप्रिंट तपासताही येत नाही आणि विकतानाही अंगावर येतो. आणि दुसरं, दुरुस्तीची जागा. तिकिटावर नेमकी अक्षरांच्या मागेच पातळ जागा असेल किंवा तिथलाच रंग फिका असेल, तर विचारावं लागतं की इथे आधी काय होतं? नमुन्याच्या तिकिटावरचं ‘स्पेसिमेन’ पुसून साधं तिकीट करतात, मोठ्या किमतीच्या तिकिटावरची पेनाची रेघ धुऊन वर ओव्हरप्रिंट चढवतात, मग नवा गम लावतात. नवा गम दातांच्या टोकांवर उतरतो, टोकं कडक आणि चिकट होतात. जुन्या गमात दातांचे तंतू मऊ आणि मोकळे असतात. अतिनील दिव्याखाली धुतलेली शाई अनेकदा सावलीसारखी परत दिसते, आणि जुन्या म्हणून दाखवलेल्या तिकिटाचा कागद निळसर पांढरा उजळला तर तो नंतरच्या काळातला आहे.

सोलापूरचा उन्हाळा ही गमासाठी मोठी परीक्षा. चाळीस अंशांच्या वर कोरड्या हवेत जुना गम आकसतो, तिकीट सुरळी होतं आणि सरळ करायला गेलं की कागदासकट तडकतं. सुरळी झालेली तिकिटं पावसाळ्यापर्यंत तशीच राहू द्या, हवेत थोडा ओलावा आला की ती आपोआप सैल होतात. मग हलक्या वजनाखाली ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत असतील तर ती मात्र आजच बाहेर काढा. उन्हाळ्यात त्या प्लास्टिकमधला तेलकट अंश सुटतो, ओव्हरप्रिंटची शाई उचलतो, आणि ते नुकसान भरून येत नाही. काही लाल आणि जांभळ्या शाया साध्या पाण्यातही पसरतात, म्हणून डाग दिसला तरी धुण्याचा मोह टाळा. डाग असलेलं खरं तिकीट विकता येतं. धुतलेल्याकडे जाणकार माणूस दुसऱ्यांदा बघत नाही.

प्रमाणपत्राचं म्हणाल, तर ते सगळ्या तिकिटांना परवडत नाही. फी, विम्यासह टपालखर्च आणि काही महिन्यांची वाट हे सगळं धरून ज्या तिकिटाची किंमत त्याच्या कितीतरी पट आहे, तेवढ्यांचीच पाठवणी करावी. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र जगभर मानलं जातं. आणि कुणी प्रमाणपत्रासह तिकीट विकायला आणलं, तर त्यावरच्या फोटोतला एकेक दात आणि शिक्क्याची जागा हातातल्या तिकिटाशी ताडून बघा. खऱ्या प्रमाणपत्राला दुसरंच तिकीट जोडून विकण्याचे प्रकार होतात. दुकानदारानं स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलेली हमी हे प्रमाणपत्र नव्हे. कॅटलॉगातला आकडाही बाजारभाव नसतो. तो चांगल्या स्थितीतल्या तिकिटाचा असतो आणि प्रत्यक्ष सौदा बहुधा त्याच्या खालीच होतो.

म्हणून आता एवढंच करा. दोन्ही स्टॉकबुकांचं पान न पान, पुढून-मागून, फोटो काढून ठेवा. ‘सर्व्हिस’ची स्वस्त तिकिटं वेगळी, ग्वाल्हेर-पतियाळा वेगळी, ‘सरकारी’ वेगळी लावा, पण मामांनी पानांवर पेन्सिलनं काही लिहिलं असेल तर ते पान मोडू नका. कधी, कुठून, कितीला घेतलं याची नोंद तिकिटाइतकीच मोलाची असते. गांधीजी आणि संस्थानांच्या रुपयांतल्या किमती, यांचे दोन्ही बाजूंचे १२०० डीपीआयचे स्कॅन मला पाठवा. शिक्का आणि ओव्हरप्रिंट जिथे एकमेकांना छेदतात त्या जागांचे जवळून घेतलेले फोटोही हवेत. त्या ओळखीच्या माणसाला सांगा की यादी पुरी झाल्यावर बोलू. त्याला खरंच घ्यायचं असेल तर तो थांबेल.